एक डॉलरची ब्युइक

राज्याच्या महसूल खात्याकडून आलेलं एक पत्र सात आठवडे माझ्याकडे पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. हे लिहितानाही माझे कान गरम होतात. कारण छत्तीस वर्षं मी नोव्हा लूकाच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल होतो, आणि त्या काळात 'आपण अमुक पुस्तक मुदतीत परत केलेलं नाही, तरी कृपया त्वरित उत्तर द्यावे' अशी हजारो पत्रं मी स्वतः टाइप करून गावभर पाठवली. उत्तर न देणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हा फार वाईट होतं. ही माणसं सकाळी उठून आरशात कशी बघत असतील, असा मला प्रश्न पडे. आता उत्तर कळलं आहे. ती दाढी करताना फक्त हनुवटीपुरतं बघतात.

पत्र गाडीबद्दल होतं. एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा चष्मा काढून घेतला, समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली आणि मी 'कुठली भिंत?' असं विचारल्यावर म्हणाले, "मिस्टर क्लिमा, तुम्ही आता गाडी चालवू नका." मला वाईट वाटलं नाही. मी तशीही ताशी पस्तीस मैलांच्या वर कधी गेलो नव्हतो, आणि माझ्यामागे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत. पण माझी ब्युइक बारा वर्षांची असली तरी गॅरेजमध्ये नव्यासारखी उभी होती. रोज सकाळी मी तिच्याकडे बघायचो आणि एखाद्या धडधाकट घोड्याला मी विनाकारण पेन्शनीत काढलंय असं मला वाटायचं.

त्याच महिन्यात शेजारच्या अर्लीन हाव्हलीक यांच्या गाडीला हरीण आडवं आलं. हरीण उठून मक्याच्या शेतात निघून गेलं. गाडी उठली नाही. आता अर्लीनबाई दोन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. एक आमचं सेंट लुडमिला, ते चालत जाण्यासारखं. दुसरं अठरा मैलांवरचं सेंट प्रोकॉप. त्यांचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा लांब ॲरिझोनात. तीन रविवार त्या ड्वेन पोस्पिशिलच्या पिकअपमधून सेंट प्रोकॉपला गेल्या. ड्वेन माझ्या समोरच्या घरात राहतो, माणूस मोठ्या मनाचा आहे. पण त्याच पिकअपमधून तो जावयाची डुकरं नेतो. तिसऱ्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी पुढच्या दोन रांगा आपोआप रिकाम्या झाल्या म्हणे.

मी ठरवलं, ब्युइक अर्लीनबाईंना भेट द्यायची.

ठरवणं आणि सांगणं यांत अकरा दिवस गेले. मी पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून एक छोटं भाषण तयार केलं. त्यात उपयोग, शेजारधर्म आणि गंजणं हे तीन मुद्दे होते. बाराव्या दिवशी त्यांच्या दारावर टकटक केलं. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि माझं भाषण जागच्या जागी विरघळलं.

"ब्युइक," मी म्हणालो.

"काय झालं ब्युइकला?"

"काही नाही. ती घ्या."

त्यांनी हात पुसायचं थांबवलं. "किती?"

"काही नाही."

"मिस्टर क्लिमा," त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत मी फुकट घेतलेली वस्तू एकच. दंतवैद्याकडचं कॅलेंडर. आणि त्यालासुद्धा मी नंतर डझनभर अंडी नेऊन दिली."

यात अर्लीनबाईंचा हट्ट नव्हता. आमचं गावच तसं आहे. इथे कुणाची बशी कुणाकडे रिकामी परत जात नाही. तुमच्याकडे कुणी बटाट्याचं काही घेऊन आलं, तर त्याच भांड्यात तुमच्या बागेतल्या काकड्या, लोणचं, निदान चार सफरचंदं तरी घालून ते परत करायचं. मग समोरच्याला वाटतं, आता आपली पाळी. मागच्या गल्लीतल्या दोन घरांत एक काचेचं भांडं १९७४ सालापासून येतंय-जातंय. ते मूळचं कुणाचं हे ठाऊक असलेली माणसं वारली. पण भांडं थांबवायला कुणी तयार नाही, कारण थांबवणारा हा शेवटी देणेकरी ठरणार. अशा गावात अख्खी ब्युइक मी 'काही नाही'ला देऊ निघालो होतो.

हा पेच मी ड्वेनला सांगितला, ही माझी पहिली चूक. ड्वेन धान्याच्या कोठाराचा निवृत्त व्यवस्थापक आहे. ज्याबद्दल त्याला काही माहिती नाही असा विषय मी अजून शोधतो आहे.

"सोपं आहे," तो म्हणाला. "एक डॉलर लाव."

"पण मला भेट द्यायची आहे."

"भेट अशीच देतात, एल्डन! माझ्या बापाने मला ट्रॅक्टर दिला, एक डॉलरला. मी माझ्या पोरीला पिकअप दिला, एक डॉलरला. कागदावर आकडा नसेल तर तो कागदच कच्चा. सरकार म्हणेल, चोरली असेल. तू एवढी पुस्तकं वाचलीस, हे एवढंसं कुठे लिहिलेलं नव्हतं?"

खरं तर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि एवढ्यावरून मला शंका यायला हवी होती. पण माझ्या स्वभावातच एक खोट आहे. मोठ्या आवाजात बोललेली गोष्ट मला छापील वाटते. शिवाय हे देशभर सगळेच करतात. शिवाय अर्लीनबाईंना तोडगा पसंत पडला. "एक डॉलर," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी गाडी विकत घेतली."

आम्ही काउंटीच्या कचेरीत गेलो. नंबरप्लेट नव्या करून घेण्याचा आठवडा होता, खिडकीवर ही रांग. मालकीच्या कागदाच्या मागे 'विक्रीची किंमत' अशी जागा होती, तिथे मी माझ्या उत्तम ग्रंथपाली अक्षरात '१ डॉलर' असं लिहिलं. खिडकीतून कुणी वर बघितलंसुद्धा नाही. शिक्का बसला. अर्लीनबाईंनी गाडी अशी हाकली की परतीच्या वाटेवर मी आमच्या काउंटीतली झाडं पहिल्यांदाच इतक्या वेगाने मागे जाताना पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात निळ्या काठाची बशी. सहा जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे मध्ये गोड सारण भरलेले आमच्याकडचे चेक पाव, सहा खसखशीचे, आणि मध्ये एक डॉलरची नोट, चार घड्या घालून, उभी खोचलेली.

कोलाचे मी दोन दिवसांत संपवले. प्रश्न बशीचा होता. ती रिकामी देता येत नाही, आणि मला भाजता येतं ते फक्त टोस्ट. एरवी माझी थोरली बहीण व्हर्ना दर गुरुवारी येते तेव्हा काहीतरी करून ठेवते. पण त्या आठवड्यात तिचा गुडघा धरला होता. मी कपाटं उघडली. एक सारडीनचा डबा होता, त्यावरची तारीख बघून मी तो न उघडताच परत ठेवला. मग मला एक कल्पना सुचली. मी ती नोटच बशीत ठेवली, वर कागदी रुमाल घातला, आणि अर्लीनबाई गायनवृंदाच्या तालमीला गेल्या असताना बशी त्यांच्या ओसरीवरच्या खुर्चीत ठेवून आलो. मला ते फार चतुर आणि थोडंसं नाजूक वाटलं. आयुष्यात मी अशा चार-पाच चतुर गोष्टी केल्या असतील. त्यांतली एकही कुणाला कळलेली नाही.

त्यानंतर बशी आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. अर्लीनबाई ब्युइकमधून जाताना मान हलवायच्या, पण ती मान बँकेतल्या कारकुनाला हलवतात तशी. मी स्वतःशी कारणं शोधली. ब्रेक कुरकुरत असतील. सीटला माझ्या पेपरमिंटचा वास येत असेल. मी कोलाचे फार लवकर संपवले हे कुणी सांगितलं असेल. माझं चुकलं आहे हे नक्की होतं. काय चुकलं एवढंच ठरायचं होतं.

आणि मग ते पत्र आलं.

राज्याचं म्हणणं तसं स्वच्छ होतं. वस्तू विकली तर विक्रीकर. भेट दिली तर कर नाही, मग घेणारा नात्याचा असो वा नसो. अट एवढीच की बदल्यात काहीही घेतलेलं नसावं. तुमची गाडी बाजारभावाने सहा हजार दोनशे डॉलरची, तुम्ही किंमत लिहिली एक डॉलर. तेव्हा सोबतचा फॉर्म भरून शपथेवर कळवा. प्रश्न पहिला : गाडी घेणाऱ्याशी तुमचं नातं काय? पुढे चौकटी : पती वा पत्नी, आईवडील, अपत्य, भावंड, अन्य (स्पष्ट करा). प्रश्न दुसरा : गाडीच्या बदल्यात पैसे, वस्तू, सेवा किंवा मूल्य असलेलं अन्य काहीही मिळालं का? प्रश्न तिसरा : किंमत इतकी कमी का? तीस दिवसांत उत्तर न आल्यास ही विक्री समजून घेणाऱ्याकडून बाजारभावावर साडेपाच टक्के कर वसूल केला जाईल. आणि तळाशी, जाड अक्षरात, खोटी शपथ हा गुन्हा आहे.

म्हणजे किमतीच्या जागी मी शून्य लिहिलं असतं तर हे पत्र आलंच नसतं. त्या एका डॉलरने माझ्या भेटीची विक्री करून टाकली होती, आणि दंड माझ्या शेजारणीला होणार होता. तीनशे एक्केचाळीस डॉलर. अर्लीनबाईंना दर रविवारी ऑर्गनचे चाळीस मिळतात.

मी पेन घेऊन बसलो. पहिल्याच चौकटीपाशी अडकलो. 'अन्य' वर खूण केली, ते ठीक. पण 'स्पष्ट करा'? छत्तीस वर्षं मी जगातलं सगळं ज्ञान कुठल्या ना कुठल्या खणात नीट बसवलं. मधमाश्या, मूत्रपिंड, मध्ययुग. या एका गोष्टीला माझ्याकडे खण नव्हता. 'शेजारीण' लिहिलं तर कोरडं. 'मैत्रीण' लिहिलं तर महसूल खात्यातल्या कुणाच्या तरी भुवया वर जातील. मी ती जागा सोडून पुढे गेलो.

दुसरा प्रश्न आणखी वाईट. 'मूल्य असलेलं अन्य काहीही.' मी प्रामाणिक माणूस आहे, हे कौतुकाने सांगत नाही; प्रामाणिकपणा हा माझ्या बाबतीत एक प्रकारचा भित्रेपणाच आहे. मी आठवून आठवून एका कागदावर यादी करायला बसलो. नऊ वर्षांचे कोलाचे. दर हिवाळ्यात माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ मी उठायच्या आत गेलेला असतो, तो आपोआप जात नाही. मला न्यूमोनिया झाला तेव्हा सहा दिवस सूप. माझी कॉलर आत दुमडली गेली की ओसरीवरून मिळणारी सूचना. आणि संध्याकाळी त्यांच्या उघड्या खिडकीतून ऐकू येणारा रविवारच्या गाण्यांचा सराव. याला मूल्य नाही असं मी शपथेवर लिहू? मी ते लिहिलं असतं, तर आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली असती. आणि मूल्य आहे असं लिहिलं, तर अर्लीनबाईंवर तीनशे एक्केचाळीस डॉलर.

गुरुवारी व्हर्ना काठी टेकत आली. मी पत्र दाखवलं. तिने चष्मा वर करून ते वाचलं.

"लग्न कर तिच्याशी," ती म्हणाली. "नवरा-बायकोची पहिलीच चौकट आहे. खूण केली की झालं."

"व्हर्ना!"

"ओरडू नकोस. मी विक्रीकराबद्दल बोलतेय. तू कशाबद्दल बोलतोयस?"

मी चहा ठेवायला आत गेलो आणि ती जाईपर्यंत तो उकळू दिला.

ड्वेनला मी पत्र दाखवायला नको होतं. ही माझी दुसरी चूक, पण तो खिडकीतूनच बघत होता. "अदलाबदल दाखव," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्याचं गवत कापायचं यंत्र पडून आहे. ते तू घे, गाडी तिने घेतली. पैसाच नाही, तर कर कशावर?" मी खात्याची पुस्तिका मागवून वाचली. अदलाबदल म्हणजे दोन विक्री. आता गाडीवर कर होताच, गवताच्या यंत्रावरही बसला असता. हे ड्वेनला सांगितल्यावर तो विचारात पडला. मग म्हणाला, "तू ते यंत्र एक डॉलरला घे."

शेवटी मी खात्याला फोन केला. मला फोन करणं म्हणजे थंड पाण्यात उतरण्यासारखं वाटतं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. बावन्न मिनिटं बासरीचं संगीत ऐकलं. मध्येमध्ये एक यांत्रिक बाई सांगे, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मी दर वेळी "आभारी आहे" म्हणे. त्रेपन्नाव्या मिनिटाला अचानक खरा माणूस बोलला, "हॅलो, काय मदत करू?" मी इतका दचकलो की फोन ठेवून दिला.

मग मी पत्र वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तक संपलं की उत्तर लिहायचं, असं ठरवलं. पुस्तक नऊशे पानांचं होतं. तीस दिवस पान चारशे बारावर संपले.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, दार वाजलं. अर्लीनबाई. एका हातात खात्याचा लिफाफा, दुसऱ्या हातात ब्युइकच्या चाव्या. चेहरा ऑर्गनच्या पाइपासारखा सरळ.

"मिस्टर क्लिमा, ह्या तुमच्या चाव्या. कर आणि दंड मिळून तीनशे पंच्याहत्तर. ते मी भरीन, हप्त्याने भरीन, पण गाडी मला झेपत नाही. सेंट प्रोकॉपला कळवलंय, पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघा."

"सेंट प्रोकॉपला? पण तिथे तुम्ही बावीस वर्षं…"

"ह्यात लिहिलंय की देणाऱ्याला विचारलं होतं, देणाऱ्याने उत्तर दिलं नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "भेट होती असं एका ओळीत लिहायला तुम्हाला जड गेलं का? तुम्हाला गाडी दिल्याचा पस्तावा झाला असेल तर तसं तोंडावर सांगायचं."

मी बरंच काही सांगायला हवं होतं. नऊ वर्षं, बर्फ, सूप, चौकट. माझ्या तोंडून आलं, "कचेरी साडेचारला बंद होते."

"मग?"

"आत्ता अडीच वाजलेत." मी टोपी घेतली, पुस्तकातलं पत्र, फॉर्म आणि ती यादी खिशात कोंबली. माझे पाय माझ्या परवानगीशिवाय पायऱ्या उतरत होते. त्या चाव्या मुठीत धरून माझ्या मागून आल्या. आम्ही गाडीत बसतोय तोच मागचं दार उघडलं आणि ड्वेन आत शिरला. "साक्षीदार लागेल," तो म्हणाला. बावीस मैल कुणी बोललं नाही, फक्त ड्वेन दर शेताच्या मालकाचं नाव आणि त्याचं काय चुकलं ते सांगत होता.

खिडकीवर त्या दिवशी रोझेला हायनेक होती. मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"मिस्टर क्लिमा! सातवीत असताना घोड्यांचं पुस्तक मी तीन दिवस उशिरा आणलं. तुम्ही पंधरा सेंट घेतलेत आणि घरी पत्रही पाठवलंत. बाबा महिनाभर बोलत होते." तिने लिफाफा उघडला, तारीख बघितली, आणि मला वाटतं तिच्या आयुष्यातला तो एक फार सुंदर क्षण असावा. "तुम्ही पत्राला उत्तर दिलं नाहीत?"

"नाही."

"तुम्ही."

"हो."

"बाबा हयात असायला हवे होते," रोझेला म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "बरं. तो एक डॉलर. खरंच दिला-घेतला गेला, की नुसताच लिहिला?"

"लिहायचाच असतो," ड्वेन मागून म्हणाला, "माझ्या बापाने…"

"ड्वेन, तुमच्या वडिलांसारखे माझ्याकडे दर आठवड्याला सहा येतात. बसा तिकडे."

"दिला," अर्लीनबाई म्हणाल्या. "मी दिला. कोलाचेबरोबर, बशीत."

रोझेलाने पेन उचललं. मी घसा खाकरला. शेकडो मुलांना मी 'हळू बोला' म्हणालो असेन. त्या कचेरीत मला कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, कारण सगळी रांग ऐकत होती.

"मी परत केला," मी म्हणालो.

अर्लीनबाई माझ्याकडे वळल्या. "काय?"

"तोच डॉलर. बशीत. रुमालाखाली. बशी रिकामी कशी द्यायची, आणि घरात फक्त सारडीन होते…"

"तो तोच डॉलर होता?"

"चार घड्यांचा."

अर्लीनबाईंच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतक्या गोष्टी झाल्या की मी टोपीकडे बघायला लागलो. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला कोलाचेचे पैसे दिले. एक डॉलर! डझनाला! हॉटेलातल्या वाढपिणीला टेबलावर ठेवतात तसा! मी दोन महिने तो डॉलर साखरेच्या डब्यामागे ठेवलाय, रोज बघते आणि रोज चिडते."

"अजून आहे?" रोझेलाने विचारलं.

"आहे की. मी कशाला खर्च करीन तो?"

"म्हणजे डॉलर गाडी घेणारीकडेच परत गेला, थोड्याच दिवसांत," रोझेला लिहीत म्हणाली. "मग किंमत मिळाली शून्य. चुकून लिहिलेला आकडा, दोघांच्या सहीने दुरुस्त. पुढे. बदल्यात वस्तू, सेवा, काही?"

आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. मी खिशातून कागद काढला. त्यावर यादी होती. मी ती वाचली. कोलाचे, नऊ वर्षं. बर्फ. सूप, सहा दिवस. कॉलर. ऑर्गनचा सराव, खिडकी उघडी असताना. वाचून झाल्यावर कचेरीत एवढी शांतता होती की माझ्या वाचनालयात ती कधी झाली नव्हती.

"म्हणून मला 'नाही' लिहिता येईना," मी म्हणालो. "म्हणून उत्तर गेलं नाही. पस्तावा नव्हता."

अर्लीनबाईंनी हात पुढे केला आणि माझी कॉलर सरळ केली.

"मिस्टर क्लिमा," रोझेला म्हणाली, आणि तिचा आवाज सातवीतल्या मुलीसारखा झाला होता, "हे सगळं गाडी देण्याच्या आधीपासून चालू आहे ना?"

"नऊ वर्षांपासून."

"आणि गाडी दिली नसती तर सूप बंद झालं असतं?"

"काय बोलतेस गं!" अर्लीनबाई म्हणाल्या.

"मग ते गाडीच्या बदल्यात नाही. ते आपलं असंच आहे. राज्य त्यावर कर लावत नाही, तशी सोयच नाही कायद्यात. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' लिहा आणि निवांत सही करा. भेट आहे हे शपथेवर आलं की कर आणि दंड दोन्ही रद्द होतात, उशीर झाला तरी."

माझा जीव भांड्यात पडला. ड्वेनने मागून टाळ्या वाजवल्या आणि रांगेतल्या एका बाईने, का कुणास ठाऊक, डोळे पुसले; मला वाटतं तिला वेळ फार झाला होता.

मी 'नाही' लिहिलं. सही केली. रोझेलाने शिक्का उचलला आणि ती थांबली.

"पहिला प्रश्न. 'अन्य, स्पष्ट करा.' ही जागा रिकामी आहे."

आम्ही चौघं त्या जागेकडे बघत राहिलो. दोन इंच लांब, पाव इंच उंच.

"मित्र लिही," ड्वेन म्हणाला. "नाहीतर चुलत भाऊ."

"शपथेवर?" रोझेला म्हणाली.

मी अर्लीनबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. आणि मग, सात आठवडे जे जमलं नव्हतं ते मी एका दमात लिहिलं. जागा अपुरी पडली, थोडं समासात गेलं.

रोझेलाने वाचलं. "हे त्यांना वरच्या कचेरीत कळेल का?" ती म्हणाली. "पण खरं आहे ना?"

"द्या इकडे," अर्लीनबाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्म हातात घेऊन, दूर धरून, मोठ्याने वाचलं : "'शेजारी. आमच्यात बशीची ये-जा आहे.'" त्यांनी तो परत ठेवला. "चालेल. शिक्का मार, रोझेला."

शिक्का बसला.

बाहेर आल्यावर अर्लीनबाईंनी चाव्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्सचा चाप असा लावला की तो आता कुणासाठीच उघडणार नाही. "सेंट प्रोकॉपला फोन करावा लागेल," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी खसखशीचे करणार आहे. बशी परत करताना पैसे ठेवायचे नाहीत."

"मला काही भाजता येत नाही."

"पुस्तक ठेवा. वाचून परत करीन. तीन दिवस उशिरा."

शिक्का मारलेला फॉर्म महसूल खात्याकडे टपालानेच जायचा होता, आणि निळी टपालपेटी कचेरीच्या कोपऱ्यावर होती. मी लिफाफा चाटला, दाबला, पत्ता पुन्हा वाचला, तिकीट पुन्हा दाबलं.

"एल्डन," अर्लीनबाई गाडीतून म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच नुसत्या नावाने. "टाका आता."

मी टाकलं. मग झाकण पुन्हा उघडून आत बघितलं, कडेला कुठे अडकलं तर नाही ना. नव्हतं. गेलं होतं.